पिन ग्राउंडला, चिप उघडीच

आठ पिनांच्या फ्लॅश चिपची तिसरी पिन राइट प्रोटेक्टची. ती ग्राउंडला जोडली की आतला मजकूर सुरक्षित झाला, अशी समजूत हार्डवेअरवाल्यांत सर्रास आढळते. या समजुतीपायी प्रस्तुत लेखकाने नाहक ठपका सोसला आहे, त्यामुळे पुढचा मजकूर थोडा तिखट लागेल.

डेटालॉगरची बोर्डं गावोगावहून परत येऊ लागली. वीज डळमळली की प्रोसेसर भरकटायचा आणि फ्लॅशचा पहिलाच सेक्टर, म्हणजे बूटलोडर, पुसला जायचा. बोर्ड बनवून देणाऱ्या ठेकेदाराचं उत्तर तयार होतं : "आम्ही प्रोटेक्शन दिलंय, तुमचं फर्मवेअर बघा." बैठकीत तो सर्किटच्या ड्रॉइंगवर तिसऱ्या पिनेपाशी बोट ठेवून बसला आणि मालक मान डोलावत राहिले. डेटाशीट उघडायची तसदी कुणी घेतली नाही.

लेखकाने परत आलेल्या एका चिपला ०५ हेक्स ही कमांड देऊन स्टेटस रजिस्टर वाचलं. उत्तर आलं ००. पिन ग्राउंडला, संरक्षण शून्य! विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू मालिकेत ही पिन मेमरीला हातच लावत नाही. ती फक्त स्टेटस रजिस्टर गोठवते, तेही एसआरपी बिट १ असेल तरच. मेमरीचा कोणता भाग राखायचा ते बीपी बिट ठरवतात, आणि ते शून्य होते. म्हणजे पहारेकरी नेमला, पण कुठलं घर राखायचं ते सांगितलंच नाही. ठेकेदाराचा हात २४सी०२सारख्या ईईप्रॉमवर बसलेला असावा. तिथे राइट प्रोटेक्टची पिन स्वतःच लिखाण अडवते, आणि तीही ग्राउंडला नव्हे, सप्लायला जोडल्यावर.

हे ऐकून ठेकेदारसाहेब म्हणाले, "मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" दुरुस्तीचं वेगळं बिलही त्यांनी लावलं.

हे दुखणं आजचं नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने जगभरातल्या संगणकांच्या बायोस फ्लॅशवर कचरा लिहून त्यांचे मदरबोर्ड ठप्प केले होते. बऱ्याच जुन्या क्रोमबुकमध्ये असं होऊ नये म्हणून एक स्क्रू असे. तो जागेवर असेपर्यंत राइट प्रोटेक्टची पिन ग्राउंडला राही आणि फर्मवेअरचा राखीव भाग बदलता येत नसे. तिथे पिन आणि बिट दोन्ही जागेवर होते.

तेव्हा बूटलोडर आधी भरा, मग बिट लावा. डब्ल्यू२५क्यू६४ मध्ये टीबी बिट १ आणि बीपी ००१ ठेवले की सुरुवातीचे १२८ केबी राखले जातात. सोबत एसआरपीही १ करा. रजिस्टर लिहिण्याआधी ०६ कमांड द्या. ५० दिलीत तर वीज जाताच सेटिंग उडतं. पिन थेट ग्राउंडला शिवू नका. पुल-अप ठेवून ग्राउंडकडे शून्य ओहमचा रेझिस्टर लावा, उद्या बूटलोडर बदलायचा झाला तर तो काढता येतो. डेटाशीट वाचा, हे तर काय सगळेच सांगतात.

खरेदी विभागावर मात्र डोळा ठेवा. याच मालिकेतल्या आयक्यू शेपटाच्या जेव्ही चिपांत क्यूई बिट कारखान्यातच १ करून येतो. मग तिसरी पिन डेटाची होते आणि राइट प्रोटेक्ट उरतच नाही. स्वस्तातला पर्याय म्हणून असं रीळ आलं की ड्रॉइंग तेच राहतं, कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक नव्या रिळातली चिप लावलेलं एक बोर्ड घ्या, वीज बंद-चालू करा, पहिला सेक्टर पुसायचा प्रयत्न करा आणि स्टेटस रजिस्टरमध्ये ०० लिहून पाहा. दोन्ही फसले, तरच माल ठेवून घ्या.