मर्यादित खर्चात कंपाउंड धनुष्याची निवड

२०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके पटकाविली. अदिती त्या वेळी अवघ्या १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम लढतीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळविले. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड प्रकारातील मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश करण्याचा निर्णय झाला आहे. एखाद्या शाळेने वा ग्रामपंचायतीने आपल्या मुलांसाठी असे धनुष्य घ्यावयाचे ठरविल्यास पहिली अडचण पैशाची येते. तुटपुंज्या निधीतून घेतलेली वस्तू निरुपयोगी ठरली तर पैसा तर वाया जातोच, शिवाय मुलांची उमेदही खचते. म्हणून खरेदीपूर्वी काही गोष्टी समजावून घेणे अगत्याचे आहे.

धनुष्याची रचना

कंपाउंड धनुष्याची कल्पना अमेरिकेतील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांची. त्यांना १९६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले. या धनुष्याच्या दोन्ही टोकांस कॅम नावाच्या विशिष्ट आकाराच्या चकत्या असतात. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसा त्याचा ताण वाढत जातो. येथे मात्र ओढ पूर्ण होताच कॅम वळून ताण एकदम कमी होतो. ४० पौंड ताणाच्या धनुष्यात ही सूट ७५ टक्के असेल, तर नेम धरताना हातावर केवळ १० पौंड भार राहतो. त्यामुळे खेळाडूस स्थिरपणे नेम धरता येतो.

मापे आधी, किंमत नंतर

ओढीची लांबी हे सर्वांत महत्त्वाचे माप होय. कॅमची ओढ ठराविक ठिकाणी थांबते. म्हणून ती खेळाडूच्या शरीराशी जुळलीच पाहिजे. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व त्यास २.५ ने भागावे. हे अंतर १६५ सेंटिमीटर, म्हणजे ६५ इंच असल्यास ओढीची लांबी सुमारे २६ इंच येते. हा अंदाज होय. अंतिम माप प्रशिक्षकाने प्रत्यक्ष ओढून पाहूनच ठरवावे.

दुसरे माप ताणाचे. धनुष्य आकाशाकडे न उचलता, लक्ष्याच्या रेषेत धरूनच सहज ओढता आले पाहिजे. खांदा उचलून किंवा अंगाला हिसका देऊन ओढावे लागत असेल, तर तो ताण त्या मुलास जास्त आहे असे समजावे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ६० पौंडांहून अधिक ताण चालत नाही. त्यामुळे ७० पौंडांच्या धनुष्याच्या जाहिरातीस भुलण्याचे कारण नाही.

धनुष्य उजव्या किंवा डाव्या हाताचे असते व ते बदलता येत नाही. निवड करताना हातापेक्षा प्रबळ डोळा कोणता, हे पाहणे अधिक योग्य. दोन्ही टोकांच्या आसांमधील अंतरही विचारात घ्यावे. शिकारीसाठी बनविलेली धनुष्ये आखूड असतात. ती सहज इकडेतिकडे हलतात व नेम स्थिरावत नाही. ५० मीटरवरील ८० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यासाठी लांब धनुष्य बरे.

एक धनुष्य, अनेक मुले

शाळेला एकच धनुष्य घेणे परवडत असेल, तर ओढीची लांबी व ताण दोन्ही मोठ्या मर्यादेत बदलता येतील असे धनुष्य निवडावे. दाब देणाऱ्या यंत्राशिवाय, केवळ स्क्रू फिरवून हा बदल करता येतो ना, याची खात्री करावी. मूल वाढत असताना दरवर्षी नवे धनुष्य घ्यावे लागत नाही, हा याचा मोठा फायदा. मात्र प्रत्येक मुलागणिक मापे बदलत बसल्यास सराव कमी व खटपट जास्त होते. म्हणून हातांच्या जवळपास सारख्या मापांची मुले एका गटात घ्यावीत.

संपूर्ण रक्कम धनुष्यावरच खर्च करणे ही नेहमीची चूक होय. साधारण निम्मी रक्कम बाण, दोरी सोडण्याचा रिलीज, नेमदर्शक, बाणाचा आधार, हातरक्षक, लक्ष्य व त्यामागील अडथळा यांसाठी राखून ठेवावी. बाण ताणाशी व ओढीशी जुळणारेच हवेत. फार हलका अथवा फार लवचीक बाण सोडताना मोडून हातास इजा करू शकतो.

जुने धनुष्य घेताना

वापरलेले धनुष्य घेतल्यास बचत होते. पण डोळ्यांत तेल घालून तपासणी करावी. लवचीक पात्यांवर बारीक चिरा किंवा सुटलेले थर, वाकलेले कॅम, तंतू निघालेली दोरी यांपैकी काहीही आढळल्यास व्यवहार करू नये. दोरी ठराविक काळाने बदलावीच लागते व त्यासाठी दाबयंत्र लागते. असे काम करणारा कारागीर जवळपास कोठे आहे याची चौकशी खरेदीआधीच करावी. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. पाती तडकून धनुष्य कायमचे निकामी होऊ शकते. हा नियम पहिल्याच दिवशी मुलांच्या मनावर बिंबविला पाहिजे.

एवढे करूनही निधी अपुरा पडत असेल, तर निराश होण्याचे कारण नाही. बांबू वा लाकडाच्या भारतीय धनुष्यावरील स्पर्धा ३० व ५० मीटरवर होतात. उभे राहण्याची पद्धत, श्वासावरील ताबा आणि शिस्त यांचे शिक्षण त्या धनुष्यावरही उत्तम मिळते. मुलाच्या अंगास न पेलणारे महागडे धनुष्य कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा त्याच्या हाती रोज येणारे साधे धनुष्य अधिक मोलाचे, हे निधी मंजूर करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.