पर्यावरण प्रभाव मूल्यांकनात शिवारातील कीटकांची नोंद

खाण, सिमेंट कारखाना, औष्णिक वीज केंद्र, मोठे धरण किंवा महामार्ग अशा प्रकल्पांना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या अधिसूचनेने या मंजुरीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. 'अ' वर्गातील प्रकल्पांचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, तर 'ब' वर्गातील प्रकल्पांचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरण घेते. 'ब-२' उपवर्गातील प्रकल्पांसाठी मूल्यांकन अहवाल व जनसुनावणी आवश्यक नसते. त्यामुळे आपल्या भागातील प्रकल्प कोणत्या वर्गात मोडतो, हे प्रथम पाहावे.

अहवालातून काय सुटते?

मूल्यांकन अहवालात हवा, पाणी, माती व सजीवसृष्टी यांची प्रकल्पपूर्व स्थिती नोंदवली जाते. अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एका हंगामाची माहिती पुरेशी मानली जाते. हवेतील धुळीच्या मापनासाठी हा काळ सोयीचा असला, तरी कीटकांच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

कारळे अथवा खुरासणी या पिकाचे उदाहरण बोलके आहे. महाराष्ट्र, ओडिशा, मध्य प्रदेश व झारखंड येथील डोंगराळ भागांत हे पीक खरिपात घेतले जाते. त्यात स्वपरागण जवळजवळ होत नाही. दाणे भरण्यासाठी मधमाश्यांची ये-जा आवश्यक असते. हे पीक पावसाळ्याच्या अखेरीस फुलते. सर्वेक्षण मार्च ते मे या काळात झाले, तर त्यावरील एकही मधमाशी नोंदीत येत नाही. दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, तर भोपळ्याची पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात. भर दुपारच्या पाहणीत या दोन्ही पिकांचे परागीभवन दिसणे अशक्य आहे.

दुसरी उणीव याद्यांची आहे. अहवालात वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रजातींना विशेष महत्त्व मिळते. शेतीस उपकारक असलेले बहुतेक परागसिंचक व परोपजीवी कीटक त्या अनुसूचीत नाहीत. जे नोंदलेच गेले नाही, त्याच्या हानीची भरपाई मागणे पुढे कठीण होते.

धूळ, प्रकाश आणि बांध

पानांवर धूळ साचल्यास कोळी किडीच्या वाढीस अनुकूल स्थिती निर्माण होते व तिच्या नैसर्गिक शत्रूंच्या कामात अडथळा येतो. रात्रभर जळणारे प्रखर दिवे पतंग व भुंगेरे यांना आकर्षित करून त्यांचा नेहमीचा संचार बदलतात. रस्तारुंदीकरणात बांध मोडले गेल्यास जमिनीत घरटी करणाऱ्या एकांडी माश्यांचा आसरा नाहीसा होतो.

जनसुनावणीचा उपयोग

जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. हा प्रतिनिधी अपर जिल्हाधिकारी दर्जाहून खालचा नसावा लागतो. सूचना देण्यासाठी नागरिकांना किमान ३० दिवसांचा अवधी मिळतो व अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. उपस्थित होणारे आक्षेप लेखी नोंदवले जातात. पर्यावरणविषयक महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल प्रकल्प प्रवर्तकाने अंतिम अहवालात घ्यावी, असे बंधन आहे. म्हणून 'शेतीचे नुकसान होईल' एवढे मोघम विधान करण्याऐवजी दिनांक, गट क्रमांक, पीक व निरीक्षण यांसह लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

तीस दिवसांत वर्षभराची नोंद उभी राहत नाही. प्रकल्पाचा अर्ज व त्याची कार्यकक्षा 'परिवेश' संकेतस्थळावर पाहता येतात. तेथे गावाचे नाव दिसताच विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील नोंदी सुरू कराव्यात:

१. फुलोऱ्यातील पिकाच्या ठरावीक क्षेत्रात, ठरावीक वेळी, आठवड्यातून एकदा पाच मिनिटे फुलांवर येणाऱ्या कीटकांची गटवार मोजणी.
२. आग्या मोहोळ असलेली झाडे व कडे यांची ठिकाणे, दिनांकासह छायाचित्रे.
३. भिंगाच्या साह्याने पानांच्या खालच्या बाजूवरील कोळ्यांची पाहणी.
४. याच नोंदी प्रकल्पक्षेत्रापासून दूर असलेल्या एका शिवारातही. तुलनेशिवाय परिणाम सिद्ध होत नाही.

निवेदनात उपायही सुचवावेत: वाहतूक मार्गावर नियमित पाणी फवारणी, झाकलेली वाहने, खाली रोखलेले दिवे, फुलणाऱ्या स्थानिक झाडांचा पट्टा आणि पावसाळ्यासह फेरसर्वेक्षण.

मंजुरीनंतर

अपुऱ्या माहितीचे परिणाम गंभीर असतात. गोव्यातील मोपा विमानतळाच्या मंजुरीस सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली. मूळ अर्जात आसपासच्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती पूर्णपणे दिलेली नव्हती. फेरविचारानंतर अतिरिक्त अटींसह जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. अटींच्या पालनाचा अहवाल प्रवर्तकाने दर सहा महिन्यांनी द्यावयाचा असतो. तो अहवाल मिळवून गावाच्या नोंदवहीशी ताडून पाहणे, हे विस्तार कार्यकर्त्यांचे पुढील काम होय. प्रकल्पापूर्वीची नोंद हाती असेल, तरच ही पडताळणी शक्य होते.