बेडक्याची डबी

जळगांव किंवा धुळें येथील सरकारी रुग्णालयांत दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारा मनुष्य गेला, म्हणजे त्यास एक डबी देऊन ‘बेडका आणा’ असें सांगतात. तिचें करावयाचें काय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून ज्यांचे आजोबा-आजी घरीं खोकत असतील अशा विद्यार्थ्यांकरितां आम्ही हें लिहीत आहों.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं जगास दाखविला. फुप्फुसाच्या क्षयांत तो छातींतून येणाऱ्या कफांत सांपडतो. डबींत नुसती लाळ टाकिली, तर ‘दोष नाहीं’ असा निर्वाळा घेऊन खरा रोगी नातवंडांत परत जावयाचा! जुनाट दमेकरी, किंवा जिनांत कापसाची धूळ खाल्लेला मजूर, यांच्या बाबतींत तर ‘हा नेहमींचाच खोकला’ म्हणून घरचेही फसतात. आजचीं यंत्रें सुमारें दोन तासांत जंतु ओळखितात, रिफाम्पिसिन हें औषध लागू पडेल कीं नाहीं हेंही सांगतात. पण त्यांस लाळच दिली तर तीं तरी काय करणार?

यास्तव पहाटे उठतांच साध्या पाण्यानें चूळ भरावी. छाती भरून श्वास घ्यावा, क्षणभर रोखून सोडावा. असें दोन-तीन वेळां करून पोटांतून जोरानें खोकावें. घट्टसा कफ अर्धा ते एक चहाचा चमचा पुरे.

लाजेस्तव मनुष्य न्हाणींत दार लावून खोकतो. त्याहून घातुक स्थळ नाहीं. खोकल्यासरशीं उडालेले सूक्ष्म कण कोंडलेल्या हवेंत तासन्‌तास तरंगतात, आणि मागाहून आंत गेलेलें मूल तीच हवा घेतें. अंगण, गच्ची, खळें बरें; तेथें वाऱ्यानें कण विरळ होतात व उन्हांत जंतु फार टिकत नाहीं. खानदेशच्या ज्या उन्हास आम्ही एरवीं बोल लावितों, तें येथें उपकारी ठरतें. सोबत्यानें मात्र रोग्याच्या समोर उभें राहूं नये.

तेंच ऊन डबीस लागूं देऊं नये. उष्णतेनें इतर जंतु माजून नमुना नासतो. अमळनेर किंवा साक्रीहून एस. टी. नें नेतांना डबी सावलींत, उभी ठेवावी व शक्य तों त्याच दिवशीं पोंचवावी. झांकण घट्ट लावावें, नांव झांकणावर न लिहितां डबीच्या अंगावर लिहावें, आणि हात साबणानें धुवावे.

कित्येकांस कफच सुटत नाहीं. त्यांस रुग्णालयांत यंत्रानें खारट पाण्याचे तुषार हुंगावयास देतात. हा प्रयोग घरीं करूं नये. दमेकऱ्याची छाती त्यानें आवळून येते.