गाडी बोलत नसेल तर आधी वायर तपासा



सेल, बल्ब आणि वायर यांची आकृती मुलं फळ्यावरून झटकन उतरवून घेतात. पण ‘सगळं जोडलं आणि बल्ब लागलाच नाही, तर आधी काय बघाल?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या वर्गात या पाठाला जीव आला तो एका पालकांच्या जुन्या पिकअपमुळे. तोच अनुभव आज तुमच्यासमोर ठेवतो.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात पिकअप म्हणजे नुसती मालाची गाडी नव्हे. धानाची पोती, तेंदूपत्ता, आठवडी बाजाराची माणसं, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं तिच्यावरच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. पाणी उतरलं की त्याच चिखलातून गाड्या निघतात. ओल वायरिंगमध्ये शिरते. घरासमोर उभ्या गाडीत उंदीर शिरतात ते वेगळंच.

या पालकांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला आणि चढावर गाडी ओढेना. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तर स्कॅनर सुरूच होईना. ‘गाडीचा कॉम्प्युटर गेला, बदलावा लागेल,’ असं त्यांना सांगण्यात आलं. मुलीचा दाखला न्यायला ते शाळेत आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, धानाचे सगळे पैसे यातच जातील जी.’

मी म्हटलं, पैसे भरण्याआधी एकदा मीटर लावून बघू. शाळेतलं मल्टिमीटर घेतलं आणि ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

हे पोर्ट म्हणजे काय?

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ घरांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. इंजिनाचा कॉम्प्युटर आपल्या तक्रारी इथून सांगतो आणि स्कॅनर त्या वाचतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना हे सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्याआधीच्या काही गाड्यांत पोर्ट असतं, काहींत नसतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत तर वाचायला कॉम्प्युटरच नसतो.

१६ पैकी सगळी घरं भरलेली नसतात. आपल्याला एवढी माहीत असली तरी पुरे:

- १६ नंबर: बॅटरीचा प्लस
- ४ आणि ५ नंबर: अर्थ
- ६ आणि १४ नंबर: कॅन नावाच्या संदेशवहनाच्या दोन वायर
- ७ नंबर: अनेक जुन्या गाड्यांतली संदेशाची वायर, तिला के-लाइन म्हणतात

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक स्कॅनरला वीज या पोर्टमधूनच मिळते. मग स्कॅनरचा दिवासुद्धा लागत नसेल, तर पहिला संशय कॉम्प्युटरवर घ्यायचा की विजेवर? हा प्रश्न मी नंतर मुलांना विचारला. उत्तर पाचवीतल्या मुलीने दिलं: ‘सर, आधी वीज.’

तपासायचा क्रम

१. फ्यूज. पुष्कळ गाड्यांत पोर्टचा फ्यूज आणि मोबाइल चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. चार्जरही चालत नसेल, तर फ्यूज आधी बघा. आमच्या गाडीत चार्जर चालत होता.

२. प्लस. मीटरची काळी वायर गाडीच्या स्वच्छ लोखंडाला आणि लाल वायर १६ नंबरला. आकडा आला १२.४. म्हणजे प्लस येत होता.

३. अर्थ. आता काळी वायर ४ नंबरला लावली. आकडा जवळजवळ शून्य! ५ नंबरलाही तेच. वीज येत होती, पण परत जायला वाट नव्हती.

४. बल्ब. कधी कधी मीटर १२ दाखवतो आणि तरी स्कॅनर चालत नाही. गंजलेल्या सांध्यातून मीटरपुरती वीज जाते, कामापुरती जात नाही. अशा वेळी १६ आणि ४ मध्ये लहान टेस्ट बल्ब लावा. तो मिणमिणला, तर सांधा खराब आहे असं समजा.

५. संदेशाच्या वायर. वीज ठीक असूनही स्कॅनर बोलत नसेल, तरच इथे यायचं. कॅन असलेल्या गाडीत बॅटरी सोडून ६ आणि १४ मधला रोध मोजतात. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात.

आम्हाला पाचव्या पायरीपर्यंत जावंच लागलं नाही. डॅशबोर्डखाली हात घातला, तर म्युझिक सिस्टिम बसवताना कुणीतरी अर्थची वायर हलवून रंगावरच कसली होती, आणि तिचा छल्ला पूर्ण गंजलेला. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट नीट आवळला. स्कॅनर सुरू झाला आणि कॉम्प्युटर लगेच बोलला. त्याची तक्रार एका सेन्सरची होती, ती मेकॅनिकने दुरुस्त केली. धानाचे पैसे वाचले.

काळजी: जाड सुई पोर्टमध्ये खुपसू नका, घर सैल होतं. संदेशाच्या वायरला बॅटरीची थेट वीज देऊ नका. रोध मोजताना बॅटरी सोडलेली हवी. मुलांना गाडीच्या वायरिंगला हात लावू देऊ नका.

वर्गात काय करता येईल?

टॉर्चचे दोन सेल, बल्ब आणि वायर घेऊन परिपथ करा. मुलांच्या नकळत एका सांध्यात कागदाचा कपटा घाला, किंवा गंजलेला खिळा जोडा. गटाने दोष शोधायचा, पण एक अट: तपासण्याआधी अंदाज वहीत लिहायचा आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची. घरातल्या विजेवर हा प्रयोग अजिबात नको.

जाता जाता मनातलं सांगतो. भामरागड-एटापल्लीकडे कितीतरी मुलं घरी माडिया बोलतात. पहिलीत आपण मराठीत प्रश्न विचारतो, मूल गप्प राहतं आणि आपण ‘येत नाही’ असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलंय. त्या गाडीनंतर मी एक सवय लावून घेतली. मूल गप्प राहिलं, की तोच प्रश्न त्याच्या भाषेत, मोठ्या वर्गातल्या मुलाकडून पुन्हा विचारायचा. बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं, आपला प्रश्नच तिथवर पोहोचलेला नसतो.

पालकांनो, घरी अभ्यास घेताना मूल अडलं, तर ‘डोकंच चालत नाही’ म्हणण्याआधी एकदा सांधा तपासून बघा.