चित्रफीत आणि चिकित्सा

अतिरेकी संघटना बंदुकीइतकाच कॅमेराही वापरतात. मार्च 2001 मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडविल्या. त्या स्फोटाची दृश्ये जगभर पोहोचली. 26 फेब्रुवारी 2015 रोजी ‘इसिस’ने मोसूल संग्रहालयातील मूर्ती फोडल्याची चित्रफीत प्रसृत केली. त्यांतील काही मूर्ती केवळ प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. शिवाय हीच संघटना प्राचीन वस्तूंच्या चोरट्या विक्रीतून पैसा मिळवीत होती. चित्रफितीने फोडणे दाखविले, विकणे लपविले. प्रचाराचे तंत्र ते हेच.

हा धोका दूरचा नाही. मे 2014 मध्ये मुंबईनजीकच्या कल्याणचे चार सुशिक्षित तरुण इराकला जाऊन याच संघटनेत सामील झाले. इंटरनेटवरील प्रचाराने ते ओढले गेले, असे तपासात पुढे आले.

तथागतांनी कालामांना उपदेश केला की, केवळ ऐकले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की केवळ डोळ्यांनी पाहिले म्हणूनही स्वीकारू नका. पार्ल्यातील आमच्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवर आलेली चित्रफीत पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ही कोणी काढली? यात काय गाळले? हिने मनात द्वेष वाढतो की करुणा? प्रज्ञेचा अभ्यास येथूनच सुरू होतो.