वाट वाकडी करताना

लातूरहून नांदेड सुमारे १४० किलोमीटर आहे. एस. टी.त बसावे, अहमदपूर मागे टाकावे, लोहा ओलांडावा आणि तीन-साडेतीन तासांत गोदावरीकाठी उतरावे. वाटेत बालाघाटाचे चढउतार लागतात, पण ते बेताचेच. म्हणून आपल्या मुलखात कुणी अंतर सांगितले, की वेळ किती लागेल हे निराळे विचारावे लागत नाही. पर्वतप्रदेशात हा हिशेब चालत नाही. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर कापण्यास तेथे अख्खा दिवस लागतो, आणि कधी कधी तो दिवसही पुरत नाही. अशा प्रदेशात सहकुटुंब जावयाचे असेल, तर प्रवासाचा आराखडा कसा करावा, हे आपण या पाठात पाहू.

आपल्या नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस नावाची आगगाडी जाते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्यांच्या स्मृतीचे हजूर साहिब येथे, आणि सुवर्णमंदिर अमृतसर येथे. शिखांची ही दोन तीर्थे या गाडीने जोडली आहेत. परभणी, जालना, मनमाड, भुसावळ, भोपाळ, दिल्ली असा दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचा पल्ला ती सुमारे दीड दिवसात ओलांडते. वाटेत काही स्थानकांवर प्रवाशांना लंगरचे जेवण विनामूल्य वाढले जाते. घरून डबा आणला असला, तरी तेथे ताट पुढे करण्यात संकोच मानू नये; वाढणाऱ्याला आनंद होतो. मराठवाड्यातील माणसाला हिमालय जवळ आला, तो बऱ्याच अंशी या गाडीमुळे. अमृतसरला पोहोचल्यावर मनात सहज येते, की इतके दूर आलोच आहोत, तर वाट थोडी वाकडी करून कुलू-मनाली का पाहू नये?

यातला ‘थोडी’ हा शब्द मोठा फसवा आहे. अमृतसरहून मनाली रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. निम्मी वाट पंजाबच्या मैदानातून जाते आणि उरलेली डोंगरातून, बियास नदीच्या खोऱ्याने वर चढते. मोटारीने हा प्रवास अकरा-बारा तासांचा धरावा. वाटेत दरड कोसळली किंवा वाहनांची रांग लागली, तर त्याला मर्यादा नाही.

समजा, लातूरचे एक कुटुंब मे महिन्याच्या सुटीत या प्रवासाला निघणार आहे. घरात आजी, आई, बाबा, सातवीत शिकणारी ताई आणि पाचवीतला धाकटा अशी पाच माणसे. आजींनी पंढरीची वारी पुष्कळदा पायी केलेली. पण आता गुडघे दुखतात आणि रोज रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर सगळे नकाशा पसरून बसले आहेत.

“आपण विमानानेच जाऊ, बाबा!” धाकटा म्हणतो.

“मोटार बरी,” बाबा म्हणतात. “हवे तेथे थांबता येते, हवे ते पाहता येते.”

आई मात्र वेगळेच विचारते : “परतीच्या गाडीचे आरक्षण कोणत्या तारखेचे आहे?”

मुलांनो, या तिघांत सर्वांत शहाणा प्रश्न आईचा आहे. शाळेच्या सहलीचा आराखडा करताना आम्ही शिक्षक कागदावर पहिली ओळ परतीची लिहीत असू आणि मग एकेक पाऊल मागे येत असू. प्रवासात जी गोष्ट हलवता येत नाही, ती आधी पक्की करावी आणि बाकीच्या गोष्टी तिच्याभोवती बसवाव्यात. येथे न हलणारी गोष्ट म्हणजे परतीची आगगाडी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. मे महिन्यात या गाडीला मोठी गर्दी असते. ती चुकली, तर दुसऱ्या दिवशी पाच जागा मिळतील ही आशा व्यर्थ. शिवाय ती अमृतसरहून पहाटे सुटते. म्हणजे आदल्या रात्री मुक्कामाला अमृतसरात पोहोचलेच पाहिजे.

आता धाकट्याच्या विमानाकडे वळू. कुलूच्या खोऱ्यात भुंतर या गावी, बियास नदीच्या काठी, विमानतळ आहे. अमृतसर आणि कुलू यांच्या दरम्यान छोट्या विमानाची सेवा २०२३ साली सुरू झाली. अशा सेवा ऋतूप्रमाणे आणि प्रवाशांच्या संख्येप्रमाणे कधी चालू असतात, कधी बंद, कधी आठवड्यातले ठरावीकच दिवस. म्हणून चौकशी नव्यानेच करावी लागते, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. विमान मिळाले, तर सगळा डोंगर तासाभरात पायांखालून जातो.

परंतु हे विमान मोठे का नसते? नांदेडच्या विमानतळाची धावपट्टी सुमारे २,३०० मीटर लांब आहे, भुंतरची सुमारे १,१०० मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एका बाजूस नदी, दोन्ही अंगांना उंच डोंगर. पट्टी वाढवावयास जागाच नाही. म्हणून येथे ए. टी. आर. जातीची, फिरत्या पंख्यांची विमाने उतरतात. त्यांच्या लहान प्रकारात पन्नासाच्या आसपास आणि मोठ्या प्रकारात सत्तरच्या आसपास माणसे बसतात. त्यातही सर्व जागा भरता येतील असे नाही. विमान हवेच्या आधाराने उचलले जाते. भुंतर समुद्रसपाटीपासून सुमारे १,०९० मीटर उंच आहे. तेथील हवा मैदानातल्या हवेपेक्षा विरळ, आणि ऊन वाढले की ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते व इंजिनाचा जोरही घटतो, आणि धावपट्टी तर आखूड. मग विमानाचे वजन कमी केल्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, सामानावर कडक मर्यादा येते. आजींचा लाडवांचा डबा आणि धाकट्याची क्रिकेटची बॅट यांत निवड करण्याची वेळ येते ती अशी!

दुसरी गोष्ट हवामानाची. या खोऱ्यात उतरताना वैमानिकाला धावपट्टी आणि भोवतालचे डोंगर डोळ्यांनी स्पष्ट दिसावे लागतात. ढग खाली आले, धुके दाटले वा वारा वाढला, की विमान उडतच नाही, किंवा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरते. दुपारी ऊन तापले म्हणजे खोऱ्यातून वारे जोराने वाहू लागतात. म्हणून पर्वतातले विमान शक्यतो सकाळचे धरावे. विमान रद्द झाले, तर रागावू नये. माघारी फिरणारा वैमानिक आपले काम नेमके करीत असतो.

मग विमान घ्यावे की मोटार? ताईने येथे एक युक्ती काढली. ती म्हणाली, “बाबा, एकदा विमानाने आणि एकदा मोटारीने गेलो तर?”

“छान!” धाकटा म्हणाला. “जाताना मोटार आणि येताना विमान. शेवटी गंमत!”

पुष्कळ माणसे असाच विचार करतात. दमूनभागून झाल्यावर परतीला विमान बरे वाटते. पण नीट विचार करून पाहा. परतीच्या दिवशी विमान रद्द झाले, तर हातात वेळ उरत नाही. रातोरात घाट उतरावा लागेल, आणि रात्रीचा घाट म्हणजे आजींना त्रास व साऱ्यांना धोका. तेच विमान जाताना रद्द झाले, तर काय बिघडते? अमृतसरात मोटार ठरवून दुसऱ्या दिवशी निघता येते. मनालीतला एक दिवस कमी होतो, एवढेच. तेव्हा ज्या साधनाचा भरवसा कमी, ते जाताना वापरावे. पुढे वेळ असतो. परतताना ज्याला अडथळा आला तरी वळसा घेता येतो, थांबता येते, असे साधन हवे. आईला हे तत्काळ पटले. धाकट्याला पटावयास थोडा वेळ लागला, पण विमान आधीच मिळणार हे ध्यानात येताच तोही राजी झाला.

मोटारीची वाट निवडण्यास आणखी एक कारण निघाले, आणि ते आजींनी सांगितले. “अमृतसरच्या बाजूला आपल्या नामदेवरायांचे घुमान आहे ना रे? मग ते विमानातून कसे दिसणार?” संत नामदेवांचे नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यात. तेथून पंजाबात गेलेल्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे मंदिर आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. होशियारपूरकडून अमृतसरला येताना थोडी वाट वाकडी केली, की घुमान लागते. आजींच्या या एका वाक्याने मोटारीचे पारडे जड झाले. माझ्या मते, घरातल्या प्रत्येकाला एक तरी ठिकाण आपले म्हणून मागता आले पाहिजे. नाही तर काही माणसे प्रवास करतात आणि काही नुसती नेली जातात.

घाटातल्या मोटारीचे नियम थोडक्यात सांगतो. अरुंद चढावर खालून येणाऱ्या वाहनास पहिला हक्क असतो; वरून उतरणाऱ्याने थांबावे. उतरताना खालचा गिअर ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. नुसत्या ब्रेकवर भार टाकला, तर तो तापून निकामी होण्याची भीती असते. सपाट रस्त्यावर हात बसलेल्या माणसाने चालक होऊ नये. तेथल्याच सवयीचा चालक घ्यावा आणि त्याला घाई करावयास सांगू नये. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावे, पोट अगदी रिकामे वा तट्ट भरलेले ठेवू नये, आणि वळणांवर पुस्तक वाचू नये. ही शेवटची सूचना पुस्तकवेड्या ताईसाठी!

ऋतूचा विचारही याच वेळी करावा. मे महिना या खोऱ्यात सोयीचा, पावसाळा नव्हे. ९ व १० जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने बियासला असा पूर आला, की कुलू-मनालीचा महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि हजारो प्रवासी अडकून पडले.

आता उंचीविषयी. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली हे राहते गाव असूनही त्याहून उंच आहे, सुमारे २,०५० मीटर. आणि मनालीपलीकडची रोहतांग खिंड ३,९७८ मीटरांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. लातूर सुमारे ६३० मीटरांवर वसलेले आहे. तेथून आलेल्या माणसास रोहतांगला श्वास अपुरा वाटतो, कारण तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन-पंचमांशच असतो. डोके दुखणे, मळमळणे, चालताना धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर हट्टाने वर चढू नये. खाली उतरणे हाच पहिला उपाय. (दाब कमी, म्हणून पाणीही लवकर उकळते; मनालीत ते सुमारे ९३ अंशांवरच उकळू लागते. लातूरची तूरडाळ तेथे उघड्या भांड्यात शिजवून पाहावी, म्हणजे किती वेळ लागतो ते कळेल!)

आईने यासाठी दोन गोष्टी केल्या. आरक्षण करण्यापूर्वीच ती आजींना डॉक्टरांकडे घेऊन गेली. आजींनी रोहतांगला जाऊ नये, मनालीत पहिला दिवस विश्रांती घ्यावी आणि गोळ्या हातपिशवीतच ठेवाव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले. मग आजींना बर्फाळ डोंगर दाखवावयाचे कसे? त्याला उत्तर होते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झालेला अटल बोगदा मनालीपासून सुमारे २५ किलोमीटरांवर सुरू होतो. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा खिंडीच्या पोटातून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात नेतो, आणि त्याची उंची सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे खिंडीपेक्षा जवळजवळ ९०० मीटर कमी. डॉक्टरांनी त्याला होकार दिला, मात्र दुसऱ्या दिवसानंतर, आणि पलीकडे तासाभरापेक्षा अधिक थांबावयाचे नाही या अटीवर. रोहतांगसाठी वाहनास परवाना लागतो व रोज ठरावीक वाहनांनाच तो मिळतो. ती खटपटही त्यामुळे टळली.

शेवटी ताईने वहीच्या पानावर चौकटी आखल्या. अमृतसरात दोन दिवस. मग सकाळच्या विमानाने भुंतर, आणि तेथून मोटारीने सुमारे ५० किलोमीटरांवरची मनाली. तेथे तीन दिवस : विश्रांती, गाव आणि बोगदा. परतीला पहिल्या दिवशी फक्त मंडीपर्यंत, सुमारे ११० किलोमीटर; तेथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून होशियारपूरमार्गे घुमान, आणि अंधार पडण्याच्या आत अमृतसर. गाडी त्यानंतरच्या दुसऱ्या पहाटे. मध्ये एक अख्खा दिवस रिकामा राहिला.

“हा दिवस वाया नाही का जाणार?” धाकट्याने विचारले.

“तो वाटेसाठी ठेवला आहे,” आई म्हणाली. “दरड कोसळली, तर वाट तो मागून घेईल.”

वाटेने तो मागितला नाही, तर जालियनवाला बाग पाहावयाची, असे ताईने त्या चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

स्वाध्याय

१. भुंतरच्या विमानात काही जागा रिकाम्या का ठेवाव्या लागतात?
२. जाताना विमान व येताना मोटार, असा क्रम का ठरला? तुम्हांला तो पटतो का? कारणे लिहा.
३. ‘वाट वाकडी करणे’ व ‘पारडे जड होणे’ हे वाक्प्रचार वापरून वाक्ये करा.
४. तुमच्या घरातील सर्वांत वयस्क व सर्वांत लहान माणसाला बरोबर घेऊन माहूरगडाची दोन दिवसांची सहल काढावयाची आहे. परतीच्या वेळेपासून आरंभ करून तिचा आराखडा तयार करा.