तटाआडचे धान्य : कांदेलोचा रिचेत्तो

मळणी झाली म्हणजे धान्य पदरात पडले असे होत नाही. मध्ययुगीन युरोपातील शेतकऱ्याला तर ओल व किडीइतकीच लुटारू सैन्याची धास्ती असे. वर्षाचे धान्य एकदा गेले की खाण्याला व पेरणीला दोन्हीला काही उरत नसे. उत्तर इटलीच्या पिएमोंत भागातील गावांनी यावर तटबंद कोठारे बांधली. त्यांना ‘रिचेत्तो’ म्हणतात. कांदेलो गावचा रिचेत्तो 13 व्या शतकाच्या अखेरीपासून 14 व्या शतकाच्या आरंभापर्यंत बांधला गेला व आजही उभा आहे.

हा किल्ला कोणा सरदाराचा नव्हे. गावकऱ्यांनी तो स्वतःसाठी उभारला. नदीतले गोटे माशाच्या काट्याप्रमाणे तिरपे रचून सुमारे सव्वातीन एकर जागेला तट घातला. आत अरुंद बोळ आणि सुमारे 200 खोल्या. लोक एरवी बाहेर गावातच राहत. धोका दिसला की आत आसरा घेत. तट सगळ्यांचा, खोली मात्र ज्याची त्याची. आपल्याकडे सामाईक गोदामाची गोष्ट निघाली की हिशेबावरून वाद होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता खोलीची रचना पाहा. तळमजल्याची जमीन मातीची, तेथे द्राक्षमद्याची पिंपे. वर लाकडी तक्तपोशीवर धान्य. दोन्ही मजल्यांना आतून जिना नाही. वर जाण्यास बाहेरून लाकडी सज्जा. मातीच्या गारव्यात मद्य टिकते. पण तीच ओल धान्याला लागली तर बुरशी धरते. धान्य वर असल्याने जमिनीची ओल त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

आपल्याकडे पेवही मुरमाड, निचऱ्याच्या जागीच खोदत, ते याच कारणाने. सध्या मात्र पक्के छत व मजबूत कुलूप असूनही पोती थेट फरशीवर रचलेली दिसतात. चोर अडतो, ओल अडत नाही.

धान्यातील ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावे. पोत्यांखाली लाकडी फळ्या घालाव्यात व थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट दूर ठेवावी. पावसाळ्यात दर पंधरवड्यास सर्वांत खालच्या पोत्यात हात घालून पाहावा. धान्य गरम लागल्यास थप्पी त्याच दिवशी मोडून, ऊन मिळताच धान्य पुन्हा वाळवावे.